हेमांगीचं ‘चुकलं’

डहाणूच्या किनाऱ्यावर हेमांगीला तिच्या बोंबलांवरून कोणी ओळखत नाही. बोंबील काय, सगळ्यांचे सारखेच. तिला ओळखतात ते ‘चुकलं गो माझं’ यावरून. कासाच्या बाजारात एखादं गिऱ्हाईक कुरकुरलं, की मागच्या खेपेचे बोंबील फार खारट निघाले, तर ही लगेच म्हणणार, “चुकलं माझं, मावशी. आता हे नेऊन बघा.” खरं तर या बोंबलांना मीठ लावतच नाहीत, ते नुसत्या उन्हावाऱ्यावर सुकतात. पण हे गिऱ्हाइकाला समजावत बसणारी बाई वेगळी. हेमांगी त्यातली नव्हे. तलासरीच्या बाजारात गुजराती बोलणारी बाई समोर आली, तर हिचं तेच, फक्त भाषा बदलून, “भूल थई गई, बेन.” जीपमध्ये हिची टोपली कोणाच्या पायावर आली तर चुकलं हिचं, आणि दुसऱ्या कोणी हिच्या पायावर पाय दिला तरी चुकलं हिचंच.

ही शिकवण माहेरची. हेमांगी झाईची, म्हणजे तलासरी तालुक्याच्या पार टोकाच्या मच्छीमार गावातली. तिची आई म्हणायची, “चुकलं म्हणायला काय जातं? जीभ झिजते काय?” पोरीनं ते मनावर घेतलं. सासरी आल्यावर तर हा शब्द तिला फारच उपयोगी पडला. सासू आमटीवरून तोंड सोडायची आणि ही ‘चुकलं’ म्हणून चुलीकडे वळायची. सासूला पुढं बोलायला जागाच उरायची नाही. म्हातारी वैतागून शेजारणीला म्हणायची, “हिच्याशी भांडता पण येत नाय गो!” भांडण मिटवायचं याहून स्वस्त औषध हेमांगीला ठाऊक नव्हतं, आणि ते ती दिवसातून किती वेळा वाटायची याची तिला शुद्धही नव्हती.

शेजारची मालूबाय नेमकी उलटी. वयानं हेमांगीपेक्षा बरीच मोठी, आवाज खणखणीत, आणि उभ्या जन्मात तिच्या तोंडून ‘चुकलं’ कोणी ऐकलेलं नाही. नवरा दाराबाहेर ताटकळला तर ती म्हणायची, “दार उघडंच होतं, तुला ढकलता आलं नाय त्याला मी काय करू?” या दोघींचं गूळपीठ कसं जमलं, याचं सगळ्या पाड्याला नवल वाटायचं. त्यात नवल कसलं? एक कधी चुकत नव्हती आणि दुसरी सगळ्याच चुका आपल्या अंगावर घेत होती. जमायला आणखी काय लागतं!

किनाऱ्यावरच्या मोकळ्या जागेत सगळ्यांच्या वलांडी आहेत. बांबूचे खांब रोवायचे, त्यांना आडव्या दोऱ्या ताणायच्या, आणि एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडी जोडी दोरीवर टांगायची. पाड्याकडून येताना पहिली वलांड मालूबायची. हेमांगीची अगदी शेवटची, समुद्राकडची. अर्धवट सुकलेल्या बोंबलावर पाणी पडलं की संपलं. तो काळा पडतो, त्याला वास सुटतो, आणि मग बागेत खत म्हणून टाकण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. म्हणून त्या जागेची एक रीत आहे. अवकाळी शिंतोडा आला, की जी बाई तिथं असेल तिनं हाताशी येईल तो माल आधी उचलायचा. आपला, परका बघायचं नाही. कारण आज ही बाजारात असते, उद्या ती बंदरात, आणि पाऊस काही विचारून येत नाही. ही रीत कोणी बसून ठरवली नव्हती, आणि कोणी मोडल्याचं ऐकिवातही नव्हतं.

त्या दिवशी सकाळपासून आभाळ कोंदलं होतं. मालूबाय सरावलीला भाचीच्या हळदीला गेली होती. तिच्या मालावर लक्ष ठेवायला रूपी होती. रूपी कासाकडच्या डोंगरातल्या गावची. भाताची झोडणी उरकली की ती दरवर्षी किनाऱ्यावर कामाला यायची. मुकाट्यानं काम करणारी, आणि सगळ्यांना अरे-तुरे करणारी. तिच्या गावाकडे लहानथोर सगळ्यांना ‘तू’च म्हणतात. होड्या नुकत्याच लागल्या होत्या, त्यामुळे बाकीच्या बायका बंदरात. रूपी हेमांगीच्या वलांडीजवळ, उपड्या घातलेल्या होडीच्या आडोशाला कुत्री हाकत बसली होती.

पहिले थेंब पडले तशी रूपी उठली आणि रीतीप्रमाणं हाताशी होते ते, म्हणजे हेमांगीचे बोंबील, ओढून काढायला लागली. इकडून पाड्यातून हेमांगी धावत सुटली. पहिली वलांड मालूबायची. हेमांगी तिथं थांबली. तिचा हात दोरीला लागलासुद्धा. बोंबील अजून मऊ होते, जेमतेम वारा लागलेले. मग तिनं मान वर करून समोर बघितलं. तिचा स्वतःचा माल खडखडीत वाळत आला होता, तलासरीच्या बाजाराला न्यायच्या बेताचा. तिनं दोरी सोडली आणि पुढं धावली.

वाटेत रूपी समोरून येत होती. चार दोऱ्या मोकळ्या करून ती आता मालूबायच्या मालाकडे निघाली होती. हेमांगीनं तिचा दंड धरला.

“आधी हे. ते मग.”

“ते कच्चं हाय, बाय,” रूपी म्हणाली.

“आधी हे म्हणते ना!”

मजुरीची बाई ती, वळली. दोघींनी मिळून हेमांगीचा माल काढला, ढीग केला, वर ताडपत्री टाकली. तोवर पाऊस असा कोसळला की मालूबायच्या वलांडीपर्यंत जाऊनही काही हाती लागायचं उरलं नव्हतं.

संध्याकाळी मालूबाय आली ती गालांवरची हळद न पुसताच. वलांडीवरून पाणी गळत होतं. तिनं एक बोंबील दोन बोटांत धरला, तो लिबलिबीत झालेला. मग ती रूपीकडे वळली. तोवर चार बायका जमल्याच होत्या.

“तुझ्या भरवशावर ठेवलं होतं ना गो? कुठं मेली होतीस?”

“तिकडं होते. हेमांगीबायच्या मालाजवळ.”

“तिकडं काय तुझा बाप वाळत घातला होता?”

“जवळचं आधी उचललं, बाय. रीत हाय ना.”

“रीत मला शिकवतेस? जवळचं उचललंस, बरं केलंस. मग इकडं यायला काय पाय मोडले होते?”

रूपीनं हेमांगीकडे बघितलं. हेमांगी त्या वेळी ताडपत्रीचा कोपरा नीट करत होती. कोपरा चांगला नीटच होता. तरी ती तो ओढत राहिली, त्यावर दगड ठेवला, मग दुसरा दगड ठेवला.

“चुकलं, बाय,” रूपी म्हणाली.

म्हणाली आणि आपलं गाठोडं घेऊन डहाणू रोडच्या वाटेला लागली. जमलेल्या बायका एकमेकींत बोलल्या की डोंगरातल्या बाईच्या हाती माल सोडू नये तो यासाठीच. किनाऱ्यावर एकदा कोणाचं असं नाव झालं की या टोकापासून त्या टोकापर्यंत तिला कोणी कामाला बोलवत नाही. हेमांगीला हे ठाऊक होतं. ती ते ऐकत उभी होती.

तेव्हापासून तिचं बूड एका जागी टेकेना. चुलीवर भात ठेवायची आणि वलांडीकडे जाऊन यायची. वलांडीवर काही काम नसायचं, म्हणून परत यायची. तोवर भात लागलेला असायचा. एकदा टांगलेल्या जोड्या उगीचच सोडवून पुन्हा टांगल्या. नवरा मुकेश होडीवरून आलेला, जाळं विणत अंगणात बसला होता. तो म्हणाला, “तुझ्या अंगात काय शिरलंय? बस की जरा!”

तिनं त्याला अर्धंमुर्धं सांगितलं. मुकेशनं जाळ्यातून मान वर काढली नाही. “असं होय! चूक झाली. माणूस हाय, होते चूक. पाऊस काय कोणाच्या बापाचा हाय?”

तेवढ्यानं तिला बरं वाटलं. चहा होईपर्यंत बरं वाटलं. मग पुन्हा आत ढवळायला लागलं. चूक म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. आमटीत दोनदा मीठ पडतं, ती चूक. एकीचा माल दुसरीच्या टोपलीत जातो, ती चूक. हातून निसटतं, मागाहून कळतं, आणि कळल्यावर माणूस म्हणतो अरेच्चा. त्या दिवशी तिच्या हातून काय निसटलं होतं? दोरी तिनं धरली होती. कच्चा माल बोटांना कळला होता. आणि रूपीनं तोंडानं सांगितलं होतं. यात अरेच्चा म्हणण्यासारखं काही नव्हतं. बरं, पाप म्हणावं तर विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला जाऊन नारळ फोडावा, देवी आणि आपण बघून घेऊ. पण भिजला तो माल देवीचा नव्हता. गुन्हा म्हणावा तर पोलीस हसतील. एवढी मोठी मराठी भाषा, पण आपण केलं त्याला नेमकं काय म्हणायचं ते तिला सापडेना. सगळे शब्द एक तर मोठे होत होते, नाही तर लहान.

शब्द सापडेना म्हणून तिनं टोपली काढली. आपल्या वाळलेल्या मालातला चांगला निम्मा भरला आणि मालूबायच्या ओट्यावर नेऊन ठेवला. असं केलं म्हणजे न बोलता भागेल, असा तिचा हिशेब. माणसाला वाटतंच तसं.

“हे काय गो?” मालूबाय म्हणाली.

“ठेवा तुम्हाला. तुमचा गेला ना सगळा.”

मालूबायचे डोळे भरून आले. हे हेमांगीच्या हिशेबात नव्हतं. “गो बाय, सख्खी बहीण असं करत नाय. त्या रूपीनं घात केला आणि तू...”

“नाय मालूबाय. चुकलं माझं.”

अखेर निघाला तो शब्द. आणि मालूबाय पदरानं डोळे पुसत हसायला लागली!

“हो गो, तुझंच चुकलं. पाऊस पण तूच पाडलास. बस, चहा टाकते.”

हेमांगी बसली. तिनं चहा घेतला. वर मालूबायनं दिलेली खारीसुद्धा खाल्ली, आणि घरी आली. आई म्हणायची ते एका परीनं खरंच होतं. जीभ झिजली नव्हती, झिजला होता तो शब्द. इतकी वर्षं तिनं तो न चुकलेल्या गोष्टींना लावला होता, आणि आज खऱ्या गोष्टीला लावायला गेली तर तो कोणी घेईना. तिला स्वतःचा इतका राग आला की अंगणात आलेल्या मांजरावर तिनं खराटा फेकला.

पुढच्या बाजाराला ती कासाला गेली. टोपल्या मांडल्या, पण लक्ष लागेना. समोरच्या रांगेत, रस्त्याच्या कडेला, रूपी बसली होती. पुढ्यात फडक्यावर वालाच्या शेंगांचा लहानसा ढीग. हेमांगीनं तोंड फिरवलं आणि गिऱ्हाईक नसलेल्या बाजूकडे बघत ओरडायला लागली, “घ्या बोंबील, सुके बोंबील!”

बुधीबाई तिचं जुनं गिऱ्हाईक, रूपीच्याच पाड्यावरची म्हातारी. बोंबील वास घेऊन निवडता निवडता ती म्हणाली, “आमची रूपी यंदा घरीच बसली. किनाऱ्यावर दोन ठिकानी जाऊन आली, कोनी घेत नाय. बाया म्हनतात, तुझ्या हाती माल नासतो.”

“हो का,” हेमांगी म्हणाली.

“हातात काम असलेली बाय गो ती. असं कसं झालं तिच्याकडून?”

हेमांगीनं तिला बोंबलाऐवजी मांदेली बांधून दिली. बुधीबाईनं ते दाखवलं तशी सवयीनं तिच्या ओठांवर आलं, चुक... आणि ते तिथंच अडकलं. तिनं पुडी बदलून दिली. बाजार भरात आला असताना तिनं टोपल्या आवरल्या आणि मिळेल त्या जीपमध्ये बसली. चारोटीपासून डहाणूपर्यंत तिनं इतक्या वेळा पदर सोडला आणि खोचला, की शेजारच्या बाईनंच अखेर विचारलं, “बरं नाय काय तुम्हाला?”

ती घरी गेलीच नाही. टोपल्या डोक्यावर घेऊन सरळ मालूबायच्या ओट्याशी उभी राहिली. मालूबाय ताजे बोंबील जोडीजोडीनं अडकवत होती.

“मालूबाय, मी सांगते ते ऐका. मध्ये बोलू नका.”

“आता काय चुकलं तुझं?” मालूबायनं हसत विचारलं.

“पाऊस आला तेव्हा मी पाड्याकडून आले. तुमची वलांड आधी लागली. मी थांबले. दोरीला हात लावला. माल कच्चा आहे हे मला कळलं. मग मी दोरी सोडली आणि माझ्या मालाकडे पळाले. रूपी तुमच्याकडेच येत होती. मी तिचा दंड धरून तिला मागं फिरवलं. ती म्हणाली ते कच्चं हाय. मी ऐकलं नाय.”

मालूबायच्या हातात एक जोडी तशीच राहिली, जबड्यात जबडा अर्धा अडकवलेली.

“बघून गेलीस?”

“बघून गेले.”

“आणि मी त्या पोरीला तुझ्यासमोर बाप काढून बोलले.”

“मी ऐकत होते.”

मालूबायनं ती जोडी दोरीवर टांगली. आणखी एक टांगली. आणखी एक. हेमांगीला वाटलं, ओरडेल, टोपली अंगावर फेकेल. तसं झालं असतं तर बरंच झालं असतं. मालूबाय आत गेली आणि हेमांगीनं दिलेली बोंबलांची टोपली घेऊन बाहेर आली. त्यातला एकही कमी झाला नव्हता. तिनं ती ओट्याखाली, हेमांगीच्या पायाशी ठेवली.

“कासाचा बाजार पुन्हा भरेल तेव्हा मला हाक मार,” एवढंच ती म्हणाली.

बाजाराच्या दिवशी दोघी एका जीपमध्ये, एका बाकावर, आणि दोघींच्या मध्ये रिकामी जागा. जीपवाल्यानं त्या जागेत तिसरी बाई कोंबली तेव्हा हेमांगीला जरा श्वास घेता आला. एरवी मालूबायच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. आज ती खिडकीबाहेर बघत होती. रूपी काय म्हणेल? शिव्या देईल? भर बाजारात देईल? हेमांगी मनातल्या मनात तिच्या शिव्या मोजायला लागली. तरी जीव ठिकाणावर येईना.

रूपी त्याच जागी होती. दोघींना एकदम आलेलं बघून तिनं फडकं जवळ ओढलं.

मालूबायला बोलायला सुरुवात कुठून करायची ते ठाऊक नव्हतं. आयुष्यात वेळ आली नव्हती ना! तिनं घसा खाकरला आणि हुकूम सोडल्यासारखी म्हणाली, “उद्यापासून कामाला ये.”

“कशाला? तेव्हा तं नको होते.”

मालूबायनं हेमांगीकडे बघितलं. हेमांगी रूपीसमोर उकिडवी बसली. शेंगा घ्यायला आलेली एक बाई तिथंच उभी होती, ती ऐकत राहिली.

“रूपी, तू मालूबायचा माल वाचवायला चालली होतीस. मी तुला अडवलं. हे मी यांना सांगितलंय. किनाऱ्यावरच्या सगळ्या बायकांना सांगणार हाय.”

“मला काय सांगतेस?” रूपी म्हणाली. “मी नव्हते काय तिथं?”

“मग तेव्हा बोलली का नाहीस गो?” मालूबायला राहवलं नाही.

“तू ऐकली असतीस?” रूपीनं शेंगांतली एक किडकी निवडून बाजूला टाकली. “मी हिच्याकडं बघत होते. ही बोलंल म्हनून. लई येळ बघितलं. मग म्हटलं, कोनाला तरी म्हनावं लागंल, तं मीच म्हनते.”

हेमांगीच्या जिभेवर तो शब्द आला. जन्मभराची सवय, येणारच. तिनं तो गिळला. तोंड कडू झालं आणि डोळ्यांत पाणी आलं, पण तो तिनं बाहेर येऊ दिला नाही.

मालूबाय खाली वाकली आणि रूपीच्या फडक्याची दोन टोकं उचलून आपणच गाठ मारायला लागली. चुकलं काही ती म्हणाली नाही. तिला ते जमणारही नव्हतं. “चल गो, जीप भरतेय,” ती म्हणाली, पण आवाज नेहमीचा नव्हता.

रूपी लगेच उठली नाही.

“येईन. पन आधी एक सांगा. पुन्हा पाऊस आला तं कोनाचं आधी उचलू?”

मालूबायनं गाठ तशीच धरली आणि हेमांगीकडे बघत राहिली.

“हाताशी असेल ते,” हेमांगी म्हणाली.

“आन तुझं लांब असलं तं?”

“तर भिजू दे.”